सागाची सुहेली



सागाचं कोवळं पान तळहातावर चुरगाळलं की हात लाल होतो. जिवतीच्या पहाडावर वाढलेल्या प्रत्येक लेकराने हा खेळ खेळलेला असतो. माझे वडील सुतार. बंड्या, वखरं, दारांच्या चौकटी हे त्यांचं काम, त्यामुळे घरात सागाच्या भुशाचा वास कायम असायचा. समुद्र मात्र मी तिशी उलटल्यावर पाहिला. तरी आज शिडाच्या एका नावेबद्दल बोलायचं आहे, कारण ती सागाची आहे आणि मुंबईत बांधलेली आहे. एकट्या माणसाने कुठेही न थांबता पृथ्वीला घातलेली पहिली प्रदक्षिणा याच नावेतून झाली. तिचं नाव सुहेली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. 1963 साली त्याने कुलाब्याला ही नाव बांधायला घेतली आणि डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याला अरब खलाशी सुहेली म्हणतात, तेच नाव तिला दिलं. आपल्या मिस्त्रींनी ती हातानेच बांधली. वाकसाने तासायचं, हातकरवतीने कापायचं, आणि भोकं पाडायची ती दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या सामत्याने. अशी हत्यारं मी घरी पाहिलेली आहेत. सागावर वाकस चालवणं किती जिवावरचं काम असतं तेही पाहिलं आहे. सागाच्या अंगात वाळूचा बारीक अंश असतो, त्याने धार लवकर मरते. वडील दर थोड्या वेळाने दगडावर पाणी शिंपडून बसत.

मग सागच का? मुंबईच्या गोदीला हे दोनशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या पिढ्यांनी इंग्रजांच्या आरमारासाठी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं 1817 चं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. साग वाळला की फारसा पिळवटत नाही. त्याच्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी लांब राहते. आणि जहाजासाठी सगळ्यांत मोलाचं म्हणजे लोखंडाशी त्याचं जमतं. ओकच्या लाकडातलं आम्ल खिळ्याला खाऊन टाकतं, सागात खिळा टिकतो. आलापल्लीच्या ‘वनवैभव’ जंगलात जुन्या सागांच्या बुंध्यांशी उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, या झाडाची कीर्ती आपण घराच्या तुळईपाशीच थांबवली. 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला तेव्हा आमचा सारा जिल्हा हळदी-कुंकू घेऊन उभा राहिला, ते योग्यच झालं. पण हेच लाकूड समुद्रावर काय करू शकतं, तेही आपल्या पोरांना कळायला हवं.

आता सुहेलीच्या घडणीबद्दल. सुहेलीचा नकाशा तेव्हाच चाळीस वर्षं जुना होता. अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅटकिन यांनी 1920 च्या दशकात तो काढला, आणि त्यांनी नमुना घेतला होता नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांचा. वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला जाणाऱ्या त्या नावा. सगळे परत फिरतात तेव्हा यांना बाहेर पडायचं असे. मी वडिलांना सुहेलीचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अरे, हिला मागूनही नाकच आहे.’’ नेमकं तेच तिचं मर्म. बहुतेक नावांची पाठ सपाट असते; मागून आलेली लाट तिच्यावर आदळते आणि नावेला आडवी फिरवते. सुहेली मागच्या बाजूलाही निमुळती, म्हणून लाट दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. लांबी 32 फुटांच्या किंचित वर, रुंदी मात्र 11 फूट. म्हणजे ठेंगणी, पोटाळू. दोन डोलकाठ्या. तळाचा कणा पुढून मागपर्यंत लांब आणि त्याला लोखंडाचं जड वजन, म्हणून ती कलंडली तरी उठते आणि नांगराच्या तासासारखी सरळ चालते.

14 जून 1968 ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून नॉक्स-जॉन्स्टन एकटा निघाला. एका वर्तमानपत्राने लावलेल्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, आणि काहींच्या नावा तिच्याहून मोठ्या नि वेगवान होत्या. अटलांटिकमध्येच सुहेलीच्या पोटात पाणी शिरू लागलं. कण्याला लागून असलेल्या फळीची फट उघडली होती, दोन्ही बाजूंना. तो पाण्यात उतरला. गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून काळे कपडे घालून, श्वास रोखून तो बुडी मारी, फटीत कापसाची वात ठोकी आणि वर येई. त्यावर डांबर लावलेल्या कापडाची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली, तिच्यावर तांब्याचा पत्रा. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावं लागलं. ती पट्टी टिकली.

पुढे रेडिओवरून बोलणं बंद पडलं. आपण रेडिओ ऐकणारी माणसं, आपल्याला याचा अर्थ कळेल. नोव्हेंबरात तो न्यूझीलंडच्या किनाऱ्याला दिसला आणि मग साडेचार महिने कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधून त्याने नाव चालवली. त्या लांब कण्यामुळेच ते जमलं. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, सुहेली फाल्मथला परतली. नवांपैकी ती एकटीच शेवटपर्यंत पोहोचली. बक्षिसाचे 5000 पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

पुढे सुहेलीच्याच घाटाची ‘तुरीया’ नावाची नाव गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींसाठी बांधली. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला मार बसला. पण तिसऱ्या दिवशी सुटका होईपर्यंत ती नाव त्यांना घेऊन तरंगत राहिली.

सुहेली मात्र मधल्या काळात जवळजवळ संपत आली होती, तीही समुद्रात नव्हे. तिला मानाने लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं होतं. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले. वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचे हात थांबले. आमच्याकडे उन्हाळ्यात बंडीचं चाक असंच सुकतं. आरे कुरकुरतात, लोखंडी धाव ढिली पडते, मग चाक काढून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सकाळी धाव घट्ट बसलेली असते.

‘‘पाण्यात घाला म्हणावं तिला,’’ वडील म्हणाले.

नॉक्स-जॉन्स्टनने तेच केलं होतं. 2002 मध्ये त्याने तिला संग्रहालयातून बाहेर काढलं आणि पुढची कित्येक वर्षं तिच्या दुरुस्तीत घातली. 14 जून 2018 ला, निघाल्याला बरोबर 50 वर्षं झाली त्या दिवशी, सुहेली फाल्मथच्या पाण्यात शिडं उभारून होती, आणि सुकाणूवर तोच माणूस होता, 79 वर्षांचा.