काकमांसत्यागाचा नियम



मला अहिंसेवर दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी पंडित नव्हे, कापड मोजणारा माणूस. या मोठ्या ताग्यातून कावळ्यापुरताच तुकडा फाडून घेतो.

गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात खदिरसार भिल्लाची कथा येते. समाधिगुप्त मुनींनी त्यास मांसत्याग सांगितला. शिकारीवर जगणाऱ्यास तो झेपेना. तेव्हा कावळ्याचे मांस आजवर खाल्ले आहेस का, असे मुनींनी विचारले. खाल्ले नव्हते. मग तेवढेच सोड, असे ते म्हणाले. पुढे तो आजारी पडला आणि वैद्याने औषध म्हणून नेमके काकमांसच सांगितले. त्यास राजी करावयास मेहुणा शूरवीर आला. खदिरसार बधला नाही; उलट त्याने सर्वच मांस सोडले. तोच जीव पुढे राजा श्रेणिक झाला, हे आपण जाणताच.

व्यापाऱ्याच्या नजरेने हा नियम फार स्वस्त. जे कधी घेतलेच नाही, ते सोडण्यात तोटा कसला? परंतु मालाचा भाव गरज पडल्यावर कळतो.

1988 च्या जूनमध्ये आमच्या मेहुण्यांवर तशी गरज आली. सोमेश्वरनगरजवळ, नीरा डाव्या कालव्याखाली त्यांचे शेत. मक्याचे कोंब वर येताच कावळे ते उपटून खालचा दाणा खात. दुबार पेरणीचे सावट होते, आणि कारखान्याचा हप्ता निघेपर्यंत या भागात कोणाच्याच हाती पैसा नसतो. (आमच्या उधारीच्या वह्या याला साक्ष आहेत.) शेजाऱ्याने छऱ्याची बंदूक आणून दिली. एक मारून काठीला टांगा, बाकीचे फिरकणार नाहीत, असा त्याचा सल्ला. कायद्याचाही अडसर नव्हता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साधा कावळा उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. 1 एप्रिल 2023 पासून ती दुरुस्ती लागू आहे.

दुकानाला सुट्टी म्हणून त्या दिवशी मी सोबत गेलो. सकाळी शेजाऱ्याने आपल्या रानात एक कावळा पाडला व टांगला. पाहता पाहता दहा दिशांनी कावळे जमले. तो आकांत अर्धा तास चालला. मग ते सारे उठले आणि मेहुण्यांच्या मक्यात उतरले! हेच शेजारी भाद्रपदात पिंडाला कावळा शिवावा म्हणून ताटकळत उभे राहत, हे मला तेव्हा आठवले.

"पाहुणे, मारायचा एकच आहे," मेहुणे म्हणाले. मी गप्प राहिलो. शेत त्यांचे, पोट त्यांचे. त्यांनी तीनदा नेम धरला. पलीकडे आडसाली उसासाठी नांगरट चालू होती. काही कावळे नांगरामागे तासातून चालत हुमणीचे भुंगेरे आणि किडे टिपत होते. मेहुणे बराच वेळ तिकडे पाहत राहिले. चौथ्यांदा त्यांनी नेम धरला नाही.

दुपारी त्यांनी वाडीतील दोन पोरे बोलावली आणि हाती पत्र्याचे डबे दिले. कोंब वीतभर होऊन मूळ धरेपर्यंतच राखण लागते, पुढे कावळा त्याकडे बघत नाही. काही ओळी गेल्या, त्या पुन्हा टोकल्या. दिवाळीत त्यांची वही मी तपासली, तेव्हा पोरांची मजुरी त्यांनी बियाण्याच्या खात्यात लिहिलेली होती. मी बी.कॉम. असूनही ती नोंद बदलली नाही.