औंधच्या डोंगरावरचं चित्रघर



सातारा जिल्ह्यात औंध गाव आहे. तिथं डोंगरावर यमाई देवीचं देऊळ आहे. डोंगर चढताना मध्येच एक इमारत लागते. तेच भवानी संग्रहालय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. राजे स्वतः चित्रं काढीत. वाड्यातली चित्रं पाहुण्यांनीच पाहायची. ही यमाईच्या वाटेवर आली.

एकदा आमच्याबरोबर गावची काही माणसं होती. ती दारातच थबकली. "आम्हांला काय कळतंय त्यातलं?" म्हणाली. आम्ही त्यांना आत नेलं.

आत राजा रविवर्मा यांची चित्रं आहेत. त्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी जुन्या घरांत अजून दिसतात. इथं त्यांच्या हातचा रंग दिसतो.

एक आजी आई-लेकराच्या दगडी मूर्तीपुढं थांबल्या. ही मूर्ती इंग्लंडच्या हेन्री मूर यांनी घडवली. आपल्या पाथरवटांची घडण निराळी, हिची निराळी. आजी बराच वेळ हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोराला कसं धरलंय बघा!"

राजांनी १९३९ सालीच कारभार रयतेच्या हाती दिला. पुढं १९४८ साली संस्थान विलीन झालं. चित्रं मात्र औंधातच राहिली.

तुम्ही गेलात तर चित्राला हात लावू नका. घामानं रंग बिघडतो. आधी चित्र बघा, मग खालची पाटी वाचा. अक्षरं आता तुम्हांला लावता येतात.