खोका घेण्याआधी



हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरलं की लेकरांचं पहिलं लक्ष पाळण्यांकडे आणि दुसरं खेळण्यांकडे. पटावरच्या खेळाचा रंगीत खोका हातात घेऊन दुकानदाराला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळ्यांना चालतो.’ सगळ्यांना चालणारा खेळ अजून तरी कोणी काढलेला नाही.

सापशिडीच घ्या. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला, असं परंपरा मानते. या खेळात खेळणाऱ्याने ठरवायचं काहीच नसतं, सारा भरवसा दानावर. म्हणून तर पाच वर्षांची नात आजीला हरवते, आणि म्हणूनच दहावीतला पोरगा दुसऱ्या डावाला उठून जातो. नवकंकरीचं नेमकं उलट. फासा नाही. प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, पटावर 24 जागा. आपल्या तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. हरलात तर दोष नशिबाला देता येत नाही, आणि हे काही जणांना सोसत नाही.

आपल्या घराला कुठला प्रकार मानवतो, हे फुकटात कळतं. नवकंकरीसाठी फरशीवर खडूने एकात एक तीन चौकोन काढा, त्यांच्या बाजूंचे मध्य रेषेने जोडा. एकाला चिंचोके, दुसऱ्याला हळकुंडाचे तुकडे. आपल्याकडे हळदीला काय तोटा! चार संध्याकाळी खेळा. कोण रमतं, कोण चिडतं, कोण मोबाइल शोधतं, तेवढं पाहा.

मग खोका वाचा. भिडू किती लागतात? ‘कॅटान’ हा 1995 सालचा गाजलेला जर्मन खेळ तिघा-चौघांचा. घरात दोघंच असाल, तर तो माळ्यावरच जाणार. वेळ लिहिलेली असते ती नियम पाठ असणाऱ्यांची, पहिल्या दिवशी दुप्पट धरा. ‘व्यापार’सारख्या खेळात ज्याचं दिवाळं आधी निघतं, तो उरलेला वेळ नुसता बघत बसतो, लहान पोरं तिथेच रडतात. नियम इंग्रजीत असले तर एकाने वाचून सांगितले की भागतं. पण प्रत्येक पत्त्यावर इंग्रजी मजकूर असेल, तर आजी खेळाबाहेर.

माझं मत विचाराल तर पहिला खेळ अर्ध्या तासात संपणारा घ्यावा. हरलेल्याला लगेच दुसरा डाव मांडता येतो.