दुखणे लपवू नका, मैदान सोडू नका
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात कबड्डी संघाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही कबड्डी खेळणारी माणसे. आम्हाला बोलायची सवय एकाच शब्दाची, तीही एका दमात. त्यामुळे भाषणात काही चुकले तर सांभाळून घ्यावे. दरवर्षी आम्ही येथे जिंकलेल्या चषकांची माहिती देतो. आज मात्र आम्ही आमच्या हातून घडलेली एक चूक सांगण्यासाठी उभे आहोत. ज्याच्या बाबतीत ती घडली तो खेळाडू समोरच बसला आहे. त्याने सांगितले, "माझे नाव घेऊ नका, बाकी सगळे सांगा."

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमचा उपांत्य सामना रंगात आला होता. मध्यंतराला आमचा मुख्य चढाईपटू मैदानाबाहेर गेला तो परत आलाच नाही. आम्ही थोडक्यात हरलो. त्या रात्री आम्ही त्याला काय काय बोललो ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. "भित्रा" हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मैदानाजवळ शौचालय नव्हते, तो लांबच्या एका वस्तीत धावत गेला होता आणि तेथे त्याला रक्त पडत होते, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी त्याच्या आईकडून कळले.

तो चाळीत राहतो. मजल्यावर सामाईक शौचालय, सकाळी हातात बादली घेऊन रांग. दिवसातून दहा-बारा वेळा त्या रांगेत उभे राहायचे आणि लोकांच्या नजरा झेलायच्या. कळ आली की दोन मिनिटेसुद्धा थांबणे शक्य नसे. म्हणून त्याने खाणे कमी केले. सामन्याच्या दिवशी तर तो उपाशीच राहू लागला. त्याचे वजन उतरले तेव्हा आम्ही खूश झालो, कारण तो वजनाच्या मर्यादेत आरामात बसत होता! चढाईत त्याला धाप लागू लागली तेव्हा आम्ही म्हणालो, सराव कमी पडतो. रक्त जाऊन जाऊन त्याच्या अंगातले हिमोग्लोबिन घटले होते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

सुरुवातीला मूळव्याध म्हणून औषधे झाली, मग आव म्हणून झाली. शेवटी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी झाली, आतड्याचा बारीक तुकडा तपासला गेला आणि आजाराचे नाव कळले : अल्सरेटिव्ह कोलायटिस.

या आजाराविषयी डॉक्टरांकडून आम्ही जे समजून घेतले ते थोडक्यात सांगतो. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते व व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर पसरते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आतड्यावर उलटते, असे याचे स्वरूप आहे. तिखट खाल्ले म्हणून हा आजार होत नाही, कुणाच्या ताटात जेवल्याने लागत नाही आणि कुणाच्या पापाने तर नाहीच नाही. तो बहुधा तरुण वयात, म्हणजे ऐन खेळण्याच्या वयात सुरू होतो. काही महिने उसळतो, मग शांत होतो, पुन्हा उसळतो. औषधांनी तो ताब्यात राहतो, पण मुळापासून जात नाही.

आता खेळाडूंसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, बरे वाटले म्हणून औषध बंद करू नये. आमच्या मित्राने मेसालामीनच्या गोळ्या दोनदा स्वतःच्या मनाने सोडल्या आणि दोन्ही वेळा आजार उलटला.

दुसरी, गुडघा दुखला की दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून गिळायची आपणा सर्वांना सवय आहे. या आजारात अशा गोळ्यांनी दुखणे उसळू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसरी, आजार जोरात असताना डॉक्टर काही काळ स्टिरॉइड देतात. ते स्नायू फुगविणारे स्टिरॉइड नव्हे, सूज उतरविणारे असते. तरीही जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार ते तोंडाने, सुईने किंवा गुदमार्गे घेतल्यास स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. म्हणून मोठ्या स्पर्धेत उतरणाऱ्याने कागदपत्रे देऊन उपचारासाठीची सूट रीतसर मागावी. शिवाय या औषधाने हाडे ठिसूळ होऊ शकतात. आपला खेळ अंगावर पडण्याचा, तेव्हा याकडे दुर्लक्ष नको.

चौथी, आजार बरीच वर्षे राहिला तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. साधारण 8 वर्षांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी लागते. ती टाळू नये.

मग खेळ सुटतो का? आमच्या मित्राने हाच प्रश्न विचारला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला परदेशी खेळाडूंची नावे सांगितली. इंग्लंडचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याला 1992 मध्ये हा आजार असल्याचे निदान झाले. त्याच वर्षी बार्सिलोना येथे त्याने सुवर्णपदक जिंकले. पुढे मधुमेहही जडला, तरी 2000 साली सिडनी येथे त्याने सलग पाचव्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. अमेरिकन फुटबॉल खेळणारा रॉल्फ बेनिर्श्के 1979 मध्ये या आजाराने मरणाच्या दारात गेला. शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी बांधून तो 1980 मध्ये पुन्हा मैदानात उतरला.

पण आम्हाला सर्वांत जवळचा वाटला तो मँचेस्टर युनायटेडचा डॅरेन फ्लेचर. त्याने आपला आजार बराच काळ सहकाऱ्यांपासून लपविला. अखेर डिसेंबर 2011 मध्ये आजार जाहीर करून त्याला खेळ थांबवावा लागला. 2013 च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो परतला. पुढे दुसऱ्या संघाचा कर्णधारही झाला. लपविण्याचे ओझे त्यालाही होते आणि आमच्या मित्रालाही होते. फरक एवढाच की आमच्या मित्राच्या पाठीवरचे ओझे आम्ही आणखी वाढविले.

बंधू-भगिनींनो, विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कुणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवंतांनी विचारले तेव्हा तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर निजविले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. आम्ही हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आलो. पण आमचा गडी उपयोगाचा राहिला नाही असे वाटताच आम्ही त्याच्याशी कसे वागलो, हे आठवले की मान वर होत नाही.

आज तो पुन्हा खेळतो. दोन उसळ्यांमध्ये मोकळे दिवस मिळतात, त्या दिवसांत चढाई करतो. बरे नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगतो आणि राखीव गडी उतरतो. कुणी काही बोलत नाही. कर्णधाराच्या पिशवीत त्याच्यासाठी कपड्यांचा जास्तीचा जोड असतो, एवढेच.

शेवटी संस्थेला दोन विनंत्या. आपल्या स्पर्धेत मैदानालगत पाण्याची सोय असलेले स्वच्छ शौचालय असावे आणि त्याची किल्ली पंचांच्या टेबलावर असावी, कुणाला मागत फिरावे लागू नये. याचा उपयोग आपल्या मुलींच्या संघालाही होईल. आणि दुसरी, ज्या कुणा मुलाला वा मुलीला रक्त पडते त्याने किंवा तिने लाजेने गप्प बसू नये, इतके धीर देणारे वातावरण आपण घराघरात ठेवावे. रक्त पडणे म्हणजे मूळव्याधच, असे घरच्या घरी ठरवू नये.

आमच्या मित्राची आम्ही सर्वांसमक्ष क्षमा मागतो आणि आमचे दोन शब्द संपवितो. जयभीम!