जोगेंद्रनाथ मंडल : एक विस्मृत सहकारी



पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री कोण, असे मघाशी मी विद्यार्थ्यांना विचारले. एकही हात वर आला नाही. दोष मुलांचा नाही, आपणच हे नाव घरात घेत नाही. ते होते जोगेंद्रनाथ मंडल.

जन्म १९०४ चा, बंगालमधील बारिसाल जिल्ह्यातला. जात नमःशूद्र, नदीनाल्यांच्या मुलखात शेती करणारी, मासे मारणारी माणसे. ते वकील झाले आणि १९३७ मध्ये राखीव नव्हे, सर्वसाधारण जागेवरून काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून विधानसभेत गेले. त्या काळी ही केवढी गोष्ट होती!

१९४३ मध्ये नाझिमुद्दीन मंत्रिमंडळाला पाठिंबा देताना त्यांनी अटी घातल्या : अस्पृश्य समाजाचे तीन मंत्री, शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि नोकऱ्यांतील प्रमाण काटेकोरपणे पाळणे. आपल्या आजच्या पुढाऱ्यांनी पाठिंबा देण्यापूर्वी ही यादी एकदा जरूर वाचावी. त्याच वर्षी त्यांनी बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे केले.

आता महत्त्वाचे. १९४६ साली प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबईतून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याची वाट उरली नाही. तेव्हा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून मते मिळवून त्यांना निवडून आणले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. पण पहिले दार उघडले ते बंगालने.

ऑक्टोबर १९४६ मध्ये मंडल मुस्लिम लीगच्या वतीने हंगामी सरकारात गेले. त्यांचा हिशेब साधा होता : पूर्व बंगालचा मुसलमान कुळवाडी आणि नमःशूद्र शेतकरी, दोघांचा जमीनदार आणि सावकार एकच. पोटाचे दुःख एक असेल तर माणसे एकत्र राहतील. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेचे पहिले हंगामी अध्यक्षपदही त्यांनाच मिळाले.

हा हिशेब चुकला. १९४७ च्या अखेरीस बाबासाहेबांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले होते; मंडल तिथेच राहिले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल भागात दंगली झाल्या. त्यांचीच माणसे कापली गेली, घरे जळाली. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण गावात काही बदलले नाही. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी कलकत्त्याहून लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे लांबलचक पत्र पाठविले. पूर्वी दिलेली आश्वासने आणि नंतरचे अत्याचार त्यांनी त्यात क्रमाने मांडले आहेत. आपण ज्यांच्यासाठी राहिलो त्यांनाच वाचवू शकलो नाही, ही बोच त्या पत्रात जाणवते.

काहीजण त्यांना गद्दार म्हणतात. मला ते मान्य नाही. निर्णय चुकला, हे मात्र लपवू नये. त्याची किंमत गरीब माणसांनी मोजली.

नंतरची वर्षे पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांत गेली. पाकिस्तानात ते हिंदू म्हणून नकोसे आणि इथे पाकिस्तानचे माजी मंत्री म्हणून संशयित. निवडणुका लढविल्या, हरले. ऑक्टोबर १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते निवडणुकीच्या राजकारणातच होते.