किल्ली काउंटरवर ठेवा



मी मूळचा चंदगड तालुक्यातला, कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाचा. गेली सोळा वर्षं बेंगळुरूत राहतो. आमचं घराणं काजूतलं. वडिलांचा गावाकडे छोटा कारखाना होता आणि मी आज काजू बी तपासण्याचं काम करतो. आपल्या देशात पिकणारी बी आपल्या कारखान्यांना पुरत नाही. मग ती आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाऊ अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून जहाजानं येते. तुमच्या दिवाळीच्या डब्यातला काजू कोकणातला असेल असं तुम्हाला वाटतं, पण त्यातला बराचसा समुद्र ओलांडून आलेला असतो. जहाजात चढण्याआधी तो माल तिथे जाऊन बघायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

आज मात्र काजूबद्दल बोलणार नाही. एका लॉजबद्दल बोलणार आहे आणि शेवटी माझ्या एका चुकीबद्दल.

2018 च्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा घानाला गेलो. निघण्याआधी दहा दिवस पीतज्वराची लस घेतली. ती न घेता कुणी जाऊ नका. घानात तर ती लागतेच, पण परत येताना ते पिवळं कार्ड नसेल तर आपलेच लोक विमानतळावरून उचलून सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. बेंगळुरूहून दुबई, दुबईहून अक्रा. अक्र्याहून बसनं कुमासी, तिथून टेचीमान आणि टेचीमानहून 'ट्रोट्रो'नं वेंची. ट्रोट्रो म्हणजे आपली वडाप. माणसं भरली की सुटते, त्याआधी नाही.

वेंचीला पोचलो ती तारीख 6 मार्च. ज्याला इंग्रज गोल्ड कोस्ट म्हणायचे तो देश 1957 साली याच दिवशी स्वतंत्र झाला आणि घाना झाला. त्यामुळे सुट्टी होती. दुकानं बंद, रस्त्यावर गणवेशातली पोरं घरी निघालेली. टेचीमानचा बाजार केवढा मोठा, आणि तिथून तासाभराच्या आत असलेलं हे गाव एकदम शांत. गडहिंग्लजहून निघून आमच्या आडगावात एसटीतून उतरल्यासारखं वाटलं.

ज्या व्यापाऱ्याचा माल बघायचा होता त्यानं एक लॉज सांगितला होता. दुमजली इमारत, खाली काउंटर, वर आठ खोल्या. काउंटरवर साठीच्या आसपासच्या एक बाई बसलेल्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'आंटी' किंवा 'मादाम' म्हणतात, नावानं हाक मारत नाहीत. मी घाईघाईनं विचारलं, "खोली आहे का? भाडं किती?" त्यांनी उत्तरच दिलं नाही. खुर्ची दाखवली. मी बसलो. अर्ध्या लिटरची पाण्याची पिशवी आणून दिली. तिथे पाणी असं प्लास्टिकच्या पिशवीत मिळतं, कोपरा दातांनी फोडून प्यायचं. मी पाणी प्यालो. मग त्या म्हणाल्या, "हं, आता सांगा, कशाला आलात?"

मला आमचा सोपा आठवला. लहानपणी बी घ्यायला व्यापारी यायचे, ते आमच्याच सोप्यात वस्तीला असायचे. आजी आधी गूळ-पाणी द्यायची. पाहुणा पाणी प्यायच्या आत कामाचं बोलला तर तिला ते आवडायचं नाही. अकान लोकांत हीच पद्धत आहे. आधी बसायला, मग पाणी, मग विचारपूस. मी पाच हजार मैलांवर जाऊन आजीची बोलणी खाल्ली असं समजा.

खोली पन्नास सेडीची, म्हणजे तेव्हाचे सातशे-साडेसातशे रुपये. एक खाट, एक पंखा, खिळ्याला टांगलेली मच्छरदाणी, भिंतीला एक आरसा. न्हाणीघरात नळ होता, पण पाणी बादलीतून. सकाळी एक मुलगी दाराशी बादली भरून ठेवायची. वीज कधीही जायची. तिकडे त्याला 'दुमसोर' म्हणतात, म्हणजे बंद-चालू. वीज गेली की सगळं गाव हा एकच शब्द उच्चारतं, आपण "गेली" म्हणतो तसं. पहाटे मशिदीची बांग, मग कोंबडे, मग कुठून तरी चर्चमधलं गाणं.

खायची मला धास्ती होती, पण तीही दोन दिवसांत गेली. सकाळी रस्त्याच्या कडेला 'वाचे' मिळायचं. चवळी घालून शिजवलेला भात, ज्वारीच्या पात्यांनी लालसर झालेला, मोठ्या पानात बांधून देतात. वर तिखट. चंदगडच्या माणसाला आणखी काय पाहिजे!

दुसऱ्या दिवशी आंटींनी विचारलं, "तुझा जन्म कोणत्या वारचा?" मला ठाऊक नव्हतं. आईला फोन लावला. ती म्हणाली, "गुरुवारचा, दत्ताचा वार." अकान लोकांत प्रत्येकाला जन्मवाराचं एक नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. गुरुवारचा मुलगा याव. त्या दिवसापासून मी सगळ्या लॉजला याव झालो. आता आपल्या कानाला ते कसं ऐकू येतं बघा. मी जिना उतरलो की आंटी मोठ्यानं म्हणायच्या, "याव!" मला वाटायचं, बोलावतायत. यावं, यावं!

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. ती म्हणजे किल्ली.

खोलीच्या किल्लीला हातभर लाकडाचा ठोकळा बांधलेला. बाहेर जाताना ती काउंटरवर द्यायचीच. आणि बाहेर जा किंवा न जा, सकाळी सातपर्यंत किल्ली खाली आलीच पाहिजे. म्हणजे मुलगी झाडलोट करणार, बादली भरणार. मला हे जाचक वाटायचं. माझ्या खोलीत लॅपटॉप, पैसे, मालाचे कागद. मी सांगितलं, झाडलोट नको, किल्ली माझ्याकडे राहू दे. त्या म्हणाल्या, "सात वाजता किल्ली काउंटरवर." मी बेंगळुरूच्या हॉटेलांची थोरवी सांगितली. तिथे कार्ड असतं, कुणाला काही द्यावं लागत नाही, कुणी विचारत नाही. त्या म्हणाल्या, "बरं." आणि किल्ली मागून घेतली.

दिवसभर मी गोदामात असायचो. काम सांगतो थोडक्यात. पोत्यापोत्यातून काढलेल्या बियांतल्या एक किलो घ्यायच्या, मोजायच्या, एकेक बी मधोमध कापायची. चांगला गर वेगळा, डागाळलेला वेगळा. वजन करायचं. त्यावरून 80 किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल याचा हिशोब. 48 निघाला तर माल चांगला, 44 वर आला की भाव पाडायचा. ओलावा दहा टक्क्यांच्या वर असेल तर जहाजात माल बुरशी धरतो. या एका आकड्यावर शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याचं आणि इकडच्या कारखानदाराचं वर्ष ठरतं. त्यामुळे मी तिथे फार मोठा माणूस असल्यासारखा वावरायचो. लॉजवर आलो की पुन्हा किल्ली मागणारा याव.

पहिल्याच आठवड्यात दोन रात्री वीज गेली. पंखा बंद, मच्छरदाणीत घुसमट. मी उशी घेऊन व्हरांड्यात जाऊन झोपलो. डास चावले, पण वारा लागला. आंटींनी सकाळी पाहिलं आणि फक्त मान हलवली.

चौदाव्या दिवशी पहाटे मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. मग ताप असा चढला की उठून दारापर्यंत जाता येईना. फोन टेबलावर, दोन हातांवर. तेवढंही अंतर पार होईना. व्यापारी त्या दिवशी अक्र्याला गेलेला. घरच्यांना वाटणार, मी गोदामात आहे. गोदामातल्यांना वाटणार, मी लॉजवर आहे. मी संध्याकाळपर्यंत असाच पडलो असतो आणि कुणाला कळलंही नसतं.

सव्वासात वाजता दारावर थाप पडली. "याव! किल्ली!" मी ओ दिली नाही. पुन्हा थाप. मग दुसरी किल्ली कुलपात फिरली.

पुढचं भराभर सांगतो. टॅक्सीनं दवाखान्यात नेलं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, पंधरा मिनिटांत सांगितलं, मलेरिया. तीन दिवसांच्या गोळ्या, सहा वेळा घ्यायच्या, काहीतरी खाऊनच. आता तोंडाला चव नाही, खाणार काय? दुपारी ती बादलीवाली मुलगी एक वाडगा घेऊन आली. मऊ शिजवलेला पातळ भात, वर थोडं दूध-साखर. तिकडे त्याला 'राइस वॉटर' म्हणतात. पहिला घोट घेतला आणि मला रडू आलं. मंडळी, ती पेज होती! आमच्याकडे आजारी माणसाला देतात ती पेज. तीन दिवस मी पेजेवर काढले.

निघताना बिल मागितलं. सगळ्या दिवसांचं भाडं सारखंच, आजाराच्या दिवसांचंही. खाली वेगळं लिहिलेलं, टॅक्सी जायची-यायची, गोळ्या, तांदूळ, दूध. पैसाही कमी नाही, पैसाही जास्त नाही. मी वर काही द्यायला लागलो तर म्हणाल्या, "मुलीला दे. आणि उजव्या हातानं दे." मी विचारलं, "आंटी, तुम्ही त्या दिवशी आत का आलात?" त्या म्हणाल्या, "किल्ली आली नव्हती." त्यांच्या दृष्टीनं एवढंच कारण पुरेसं होतं. रजिस्टरमध्ये आठ खोल्या, आठ किल्ल्या. एक आली नाही म्हणजे एका माणसाचं काहीतरी बिघडलंय. मी ज्याला जाच म्हणत होतो ती हजेरी होती.

आता माझी चूक.

बेंगळुरूत हेण्णूर रस्त्याला माझा एक फ्लॅट आहे, भाड्यानं देण्यासाठी घेतलेला. त्या भागात आफ्रिकेतून शिकायला आलेली बरीच मुलं राहतात. 2016 च्या जानेवारीअखेर याच शहरात काय झालं ते आठवत असेल. हेसरघट्टा भागात एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीनं एक बाई दगावली. त्यानंतर तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमाव तुटून पडला. तिचा त्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. ती बातमी वाचून मी चार लोकांत हळहळलो. आणि पुढच्याच महिन्यात फ्लॅट रिकामा झाला तेव्हा ब्रोकरला सांगितलं, "आफ्रिकन नकोत हं. सोसायटीत कटकट होते." मारहाण करणारे वेगळे आणि मी वेगळा, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

वेंचीत मला कुणी विचारलं नव्हतं की हा कुठल्या रंगाचा, काय खातो, रात्री कोण येतं भेटायला. विचारलं होतं ते एवढंच, कशाला आलास आणि जन्म कोणत्या वारचा.

परत आल्यावर दोन महिन्यांनी फ्लॅट पुन्हा रिकामा झाला. ब्रोकरला फोन केला आणि म्हटलं, ती अट काढ. तो म्हणाला, "सर, फॉर्म सीची भानगड असते." खरं होतं. तेव्हा परदेशी माणूस घरी ठेवला की 24 तासांच्या आत फॉर्म सी भरावा लागायचा. पण तो ऑनलाइन भरता यायचा. पासपोर्ट, व्हिसा, फोटो. मला एक चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागला.

दोन विद्यार्थी राहिले, दोन वर्षं. सगळं गोड-गोड झालं असं सांगणार नाही. एकदा वाढदिवसाला आवाज झाला, खालच्या काकांनी तक्रार केली, मी जाऊन बोललो, मिटलं. एका महिन्याचं भाडं उशिरा आलं. मराठी भाडेकरूंचंही आलंय. पण सोसायटीत पहिले काही महिने त्यांच्याशी लिफ्टमध्ये कुणी बोलत नव्हतं, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. मी त्यांच्या दारावर थाप मारायला गेलो नव्हतो. फॉर्म भरला म्हणजे झालं, असं मी धरून चाललो होतो. लॉजवाल्या आंटींचा अर्धाच धडा मी शिकलो होतो.

आपण इथे बसलेले बरेच जण कधी ना कधी परक्या शहरात घर शोधत फिरलो आहोत. "कन्नड येतं का?", "नॉनव्हेज खाता का?", "एकटेच का?" हे प्रश्न आपण ऐकलेत. मग चार पैसे जमले, घर झालं आणि आता तेच प्रश्न आपण विचारतो. म्हणून एकच विनंती. तुमचं घर भाड्यानं द्यायचं असेल तर ब्रोकरला तुम्ही काय सांगून ठेवलंय ते आज रात्री एकदा आठवा. आणि तुमच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल, कुठल्याही देशाचं, कुठल्याही राज्याचं, तर त्याचं दार सकाळी उघडतं का, एवढं लक्षात असू द्या.

मी आता कुठल्याही हॉटेलात उतरलो की बाहेर जाताना काउंटरवर सांगून जातो. इथल्या मुलांना त्याची गरज नसते, ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात. पण सवय लागलीये.