थोरियम : गॅसबत्तीपासून अणुभट्टीपर्यंत



आज ज्या धातूविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलेही नसेल. पण त्याच्या उजेडात मात्र पुष्कळजण बसलेले आहेत. गावात वीज येण्यापूर्वी लग्नाची वरात असो, कीर्तन असो की तमाशा, गॅसबत्तीवाचून अडायचे. आमच्या वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत खाजे-मिठाईच्या दुकानांपुढे अशाच बत्त्या फुरफुरत असत. बत्तीवाला आधी स्पिरिटने नळी तापवी, मग पंप मारी, आणि त्या पिशवीसारख्या मेंटलमधून पांढराशुभ्र उजेड पडे. त्या मेंटलमध्ये थोरियम असे.

मागे एका खेड्यातल्या गुरुजींनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "थोरियम किरणोत्सर्गी आहे म्हणतात. मग आम्ही त्याच बत्तीखाली अभ्यास केला, त्याचं काय?" आणि दुसरा : "आपल्या देशात थोरियमचे एवढे साठे आहेत, तर आमच्या गावची वीज संध्याकाळी जाते कशी?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधता शोधता थोरियमची सगळी ओळख होते.

१८२८ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना नॉर्वेतून आलेल्या एका काळ्या खनिजात हे मूलद्रव्य सापडले. आपल्याकडे जसा इंद्र, तसा तिकडच्या जुन्या कथांत मेघगर्जनेचा देव थोर. त्याच्यावरून थोरियम हे नाव पडले. धातू चांदीसारखा पांढरा, पण हवेत राहिला की काळवंडतो. पाण्याच्या जवळजवळ पावणेबारा पट, म्हणजे शिशाहून थोडा अधिकच जड. त्याच्या भस्माचा, म्हणजे थोरियम ऑक्साइडचा, गुण फार मोलाचा. पोलाद १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. हे भस्म ३३०० अंशांपर्यंत दाद देत नाही.

ऑस्ट्रियाचे वेल्सबाख यांनी हाच गुण हेरला आणि मेंटल तयार केले. सुती जाळी थोरियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून वाळवायची. त्यात शेकडा एक भाग सेरियम. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते आणि भस्माची जाळी तेवढी उरते. म्हणून तर एखादा किडा आदळला तरी तिला भोक पडे! निळसर ज्योतीत ही जाळी तापून लखलखते. म्हणजे तो उजेड उष्णतेचा. किरणोत्सर्गाचा त्यात काही हात नाही.

किरणोत्सर्ग आहे, पण वेगळा आणि मंद. थोरियमचे अणू आपोआप फुटत जातात आणि शेवटी त्यांचे शिसे होते. पण याला घाई अशी नाही. असलेले थोरियम निम्मे व्हायला सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे. तेव्हा तिच्या जन्मावेळच्या थोरियमपैकी चार पंचमांश अजून शिल्लक आहे.

थोरियमचे मुख्य किरण, ज्यांना अल्फा किरण म्हणतात, साध्या कागदानेही अडतात. तेव्हा गुरुजींनी निश्चिंत असावे. बत्तीपासून हातभर दूर बसून अभ्यास करणाऱ्याला भिण्याचे कारण नव्हते. धोका आहे तो थोरियम पोटात किंवा फुप्फुसात गेले तर. १९३० नंतर काही देशांत क्ष-किरण चित्र स्पष्ट यावे म्हणून थोरियमचे औषध रुग्णांच्या रक्तात टोचत असत. ते यकृतात साठून राहिले आणि पुढे कित्येकांना कर्करोग झाला. म्हणून ज्यांच्या घरी जुनी बत्ती अजून आहे, त्यांनी मेंटल उघड्यावर बदलावे, राख फुंकू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि नंतर हात धुवावेत. आर्गन वेल्डिंगच्या काही सळयांत, ज्यांचे टोक लाल रंगवलेले असते, शेकडा दोन भाग थोरियम ऑक्साइड असते. त्या घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये.

आता दुसरा प्रश्न. थोरियम मिळते मोनाझाइट नावाच्या वाळूतून. केरळकडून जर्मनीत जाणाऱ्या काथ्याला चिकटलेले पिवळसर कण शोम्बर्ग नावाच्या जर्मन गृहस्थांच्या नजरेस पडले आणि १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरचा हा साठा जगाला कळला. आपल्या रत्नागिरीलाही काळी वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची. मोनाझाइटचे मोठे साठे केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा यांच्या किनाऱ्यांवर. देशातले मोनाझाइट १ कोटी २५ लाख टनांहून अधिक भरते आणि त्यात थोरियम ऑक्साइड १० लाख टनांहून अधिक आहे.

वांद्र्याहून कुर्ला, चेंबूर ओलांडून पूर्वेला गेले की खाडीकाठी तुर्भे लागते. इंग्रजी अमदानीत त्याचे ट्रॉम्बे झाले. १९५४ साली डॉ. होमी भाभा यांनी तिथे अणुशक्तीचे केंद्र उभारायला घेतले, आणि १९५५ साली तिथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. गावोगावच्या मेंटलसाठी लागणारे थोरियम नायट्रेट तिथे तयार होई. पण भाभांची नजर मेंटलच्या पलीकडे होती. आपल्याकडे युरेनियम थोडे, थोरियम भरपूर. तेव्हा देशाची वीज शेवटी थोरियमवर निघावी, अशी तीन टप्प्यांची योजना त्यांनी मांडली.

तीन टप्पे कशाला? घरातले उदाहरण घ्या. घागरभर दूध असले, तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. थोरियम हे दूध आहे. ते स्वतः होऊन अणुभट्टीत पेटत नाही. त्याला बाहेरून न्यूट्रॉन द्यावा लागतो. तो गिळला की थोरियमचे आधी प्रोटॅक्टिनियम होते. ते २७ दिवसांत निम्मे पालटते आणि युरेनियम-२३३ हे खरे जळण हाती येते. पण पहिला न्यूट्रॉन आणायचा कुठून? तेच विरजण. पहिल्या टप्प्यात युरेनियमच्या भट्ट्यांतून प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्या टप्प्यात ते वाढवायचे, आणि पुरेसे साठले म्हणजे तिसऱ्या टप्प्यात थोरियमला हात घालायचा.

काम किचकट आहे. युरेनियम-२३३ बरोबर त्याचा एक भाऊबंद, युरेनियम-२३२, तयार होतो. त्याच्या वंशजांचे किरण इतके भेदक, की सारे काम जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनी करावे लागते. तरीही तुर्भ्याला १९८४ साली 'पूर्णिमा-२' ही प्रायोगिक भट्टी युरेनियम-२३३ वर चालली. १९९६ साली तामिळनाडूत कल्पाक्कमला 'कामिनी' सुरू झाली. तिची ताकद केवळ ३० किलोवॅट. तीही वीज करण्यासाठी नव्हे, तपासणीसाठी. दुसऱ्या टप्प्यातल्या ५०० मेगावॅटच्या भट्टीचा गाभा भरायला २०२४ च्या मार्चमध्ये सुरुवात झाली. तिसरा टप्पा अजून पुढे आहे. आपल्या तारापूरचे वीजकेंद्रही १९६९ साली सुरू झाले ते युरेनियमवरच.

म्हणून गुरुजी, मुलांना दोन गोष्टी सांगा. किरणोत्सर्ग म्हणजे भूत नव्हे; तो कुठे निरुपद्रवी आणि कुठे घातक, हे कळले की भय जाते आणि काळजी घेता येते. आणि साठा आहे म्हणजे सगळे झाले, असेही नव्हे. दूध घरात आहे. पण विरजण जमवायला आपल्याला साठ-सत्तर वर्षे लागली, आणि ते काम अजून संपलेले नाही. ते पुरे करणारे हात कदाचित आज तुमच्या वर्गात पाटी धरून बसले असतील.